प्रसूतीतील शस्त्र आणि आश्वासन : एका सूतिकेच्या व्यथेच्या निमित्ताने

आपल्याकडे सूतिका येते ती बहुधा दूध कमी येते, कंबर दुखते, भूक लागत नाही किंवा झोप येत नाही अशी एखादी तक्रार घेऊन. बरोबर आई किंवा सासू असते. आपण नाडी, जिव्हा, कोष्ठ पाहतो; प्रसूती नैसर्गिक झाली की सिझेरियन, एवढे विचारून केसपेपरवर नोंद करतो आणि औषधे लिहून देतो. प्रसूतीविषयीचा प्रश्न आपल्या दृष्टीने तेथे संपतो. त्या स्त्रीच्या दृष्टीने तो पुष्कळदा संपलेला नसतो, असा अनुभव गेल्या काही वर्षांत मला वारंवार आला. त्यांपैकी एका रुग्णेची हकीकत, तिच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे मांडत आहे. रुग्णालयातील प्रसूतीवर टीका करणे हा या लेखाचा हेतू नाही. प्रसूतीच्या वेळी जे वैद्यकीय उपाय करावे लागतात, ते करताना काय राहून जाते आणि त्या राहून गेलेल्या गोष्टीची चिकित्सा पुढे आपल्या वाट्याला कशी येते, याचा विचार व्हावा एवढीच अपेक्षा आहे.

रुग्णवृत्त

वय वर्षे २६, प्रथम प्रसूती, प्रसूतीनंतरचा चोविसावा दिवस. माहेरी आलेली. आईने सांगितलेली तक्रार अशी : दूध पुरत नाही, रात्र रात्र जागी असते, कारण नसताना चिडते. तपासले तेव्हा बाळाचे वजन व्यवस्थित वाढत होते, म्हणजे दूध पुरत होते. सूतिकेस ज्वर नव्हता, स्राव प्राकृत होता, रक्तदाब प्राकृत होता. टाक्यांच्या जागी मात्र वेदना होती. उदरपरीक्षणासाठी मी हात पुढे केला, तशी ती टेबलावर अंग आक्रसून भिंतीकडे सरकली. पोट बांधू देत नाही, तेल लावणाऱ्या बाईलाही कमरेखाली हात लावू देत नाही, असे आईने सांगितले. "हट्टी आहे हो पहिल्यापासून," असेही त्या म्हणाल्या.

मी परीक्षण थांबविले. आईंना बाळासह बाहेर बसावयास सांगितले आणि तिला एवढेच विचारले, "बाळंतपणाच्या वेळी काय झालं, सांगावंसं वाटतं का?" ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर सुमारे चाळीस मिनिटे बोलत होती.

पहाटे कळा सुरू झाल्यावर तिला जवळच्या शहरातील एका रुग्णालयात नेले. आईला दाराबाहेर थांबविण्यात आले. सलाईन लावले, त्यात कळा वाढविण्याचे औषध आहे हे तिला कळले ते कळांमध्ये श्वास घ्यायला उसंत मिळेनाशी झाली तेव्हा, आणि तेही दोन परिचारिकांच्या आपसांतील बोलण्यावरून. दोन-अडीच तासांत चार-पाच वेगवेगळ्या व्यक्तींनी योनिपरीक्षण केले. त्यांतील एकानेही स्वतःचे नाव सांगितले नाही की 'आता तपासतो' असे म्हटले नाही. ती ओरडली तेव्हा जे शब्द ऐकावे लागले, ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. आपल्यापैकी ज्यांनी प्रसूतिकक्षात काम केले आहे, त्यांना ते ठाऊक आहेत. शेवटच्या टप्प्यात अचानक धावपळ झाली. पाय बांधलेल्या अवस्थेत ती उताणी होती. कोणीतरी स्टुलावर चढून कोपराने पोटावर जोर दिला. बधिरीकरणाचे इंजेक्शन दिले, पण ते लागू होण्यापूर्वीच छेद घेतला. बाळ बाहेर आले, रडले नाही, आणि कोणी तरी ते घेऊन निघून गेले. त्यानंतर टाके घालीत असता तिने तीनदा विचारले, "बाळ आहे ना?" उत्तर मिळाले नाही. बाळ जिवंत आहे, काचेच्या पेटीत ठेवले आहे, हे तिला सहा तासांनी आईकडून कळले.

"मला कापलं त्याचं मला काही नाही, मॅडम," ती म्हणाली. "कापायचंच असेल. पण मला कुणी काही सांगितलंच नाही. मी तिथे नव्हतेच जणू."

घरात ताट पडल्याचा आवाज झाला की तिला दरदरून घाम येत असे. डोळा लागला की पोटावर दाब आल्यासारखे वाटून ती दचकून उठे. सहाव्या आठवड्याचे लसीकरण त्याच रुग्णालयात होते, म्हणून ते नको असे तिने ठरवून टाकले होते. घरातील सर्वांचे उत्तर एकच होते : बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, मग आता काय?

दुसरी बाजू

तिच्या परवानगीने मी डिस्चार्ज कार्ड पाहिले आणि संबंधित प्रसूतितज्ज्ञांना दूरध्वनी केला. त्यांनी सौजन्याने सर्व नोंदी काढून दाखविल्या. गर्भोदक हिरवे झाले होते, म्हणजे बाळाने आतच शी केली होती. बाळाच्या हृदयाचे ठोके, जे साधारणतः मिनिटास ११० ते १६० असावेत, ते १०० च्या खाली जाऊन परत वर येत नव्हते. छेद घेऊन बाळ त्वरित बाहेर काढणे आवश्यकच होते. त्या निर्णयाने बाळ वाचले. पोटावर दाब देण्याचे समर्थन मात्र त्यांनीही केले नाही.

पाचव्या आठवड्यात त्यांनी तिला बोलावून घेतले आणि तो ठोक्यांचा आलेख तिच्यासमोर ठेवून सर्व समजावून सांगितले. मी सोबत होते. तिने शांतपणे ऐकले आणि मग विचारले, "हे तेव्हाच का नाही सांगितलं? दोन वाक्यांचं तर काम होतं." डॉक्टर म्हणाले, "धावपळीत राहून गेलं. चुकलंच." ती बऱ्याच वेळाने रडली. प्रसूतीनंतर प्रथमच रडली, असे तिची आई म्हणाली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शस्त्रकर्म योग्य होते. जीव वाचला. तरीही आघात झाला. उपाय योग्य असणे आणि तो योग्य रीतीने केला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीने दुसरीची भरपाई होत नाही.

हा स्वभाव नव्हे, व्याधी आहे

प्रसूतीच्या अनुभवातून निर्माण होणारा आघातोत्तर मनस्ताप ही आधुनिक मानसशास्त्राने मान्य केलेली अवस्था आहे. प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, दुःस्वप्ने, लहानशा आवाजाने दचकणे, त्या जागेची, त्या माणसांची व त्या विषयाची टाळाटाळ, बाळाविषयी आतून तुटल्यासारखे वाटणे किंवा याउलट बाळाला क्षणभरही दृष्टीआड होऊ न देणे, ही तिची मुख्य लक्षणे. विविध देशांतील अभ्यास एकत्र करून २०१७ साली काढलेल्या निष्कर्षानुसार सर्वसामान्य मातांत हिचे प्रमाण सुमारे ४ टक्के, तर गुंतागुंतीच्या प्रसूती झालेल्या व अन्य जोखीम असलेल्या मातांत १८ टक्क्यांहून अधिक आढळते.

प्रसूतीनंतरचे नैराश्य ही याहून निराळी, परंतु पुष्कळदा बरोबरीने असणारी अवस्था होय. गोव्यात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांच्या मातांपैकी २३ टक्के मातांत नैराश्य आढळले होते. हे आपल्या शेजारचे उदाहरण आहे. म्हणजे चिकित्सालयात येणाऱ्या साधारण चार-पाच सूतिकांपैकी एक अशी असू शकते. ती आपणांस दिसत नसेल, तर तिचे कारण ती नाही हे नसून आपण विचारीत नाही हे असावे.

आयुर्वेदीय दृष्टीने पाहता भय आणि शोक ही वातप्रकोपाची हेतू-स्थाने आहेत. प्रसव हे मुख्यतः अपानाचे कर्म. प्रसूतीनंतर धातू शिथिल व रिक्त झालेले असतात, प्रवाहणाची वेदना आणि रक्ताचा स्राव यांनी शरीर क्षीण झालेले असते. म्हणूनच सूतिकेस होणारा व्याधी कष्टसाध्य किंवा असाध्य होतो, असे चरकाचार्य शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बजावतात. व्याधी वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादास त्यांनी अग्रस्थान दिले आहे, हेही सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात आपण सर्वांनी वाचलेले आहे. अशा रिक्त आणि वातप्रधान अवस्थेत भयाचा आघात झाला तर तो केवळ मनाचा विषय राहत नाही. निद्रानाश, स्तन्यप्रवृत्तीतील अडथळा, ग्रह जडल्याप्रमाणे होणारी अंगाची आक्रसण, ही त्याची दृश्य रूपे आपण पाहतो. शरीरक्रियाशास्त्रही भयामुळे वाढणारे अॅड्रिनॅलिन दूध बाहेर येण्याच्या क्रियेत अडथळा आणते असे सांगते. या दोन भाषा एकच आहेत असा दावा मी करीत नाही. पण दोन्ही एकाच दिशेकडे बोट दाखवितात.

एक कबुली

या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, याविषयी मी बराच काळ साशंक होते. बी.ए.एम.एस. झाल्यानंतर सुमारे तीन वर्षे मी एका खासगी प्रसूतिगृहात निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. आपल्यापैकी अनेकांनी असे काम केले आहे आणि आजही अनेक तरुण वैद्य करीत आहेत. रात्रपाळीत चार-चार प्रसूती असत. स्टुलावर चढून पोटावर दाब देणारे हात काही वेळा माझेही होते. ओरडणाऱ्या बाईला मी दटावले आहे. 'आता तपासते' असे न सांगता मी तपासले आहे. कोणी शिकविले नव्हते असे म्हणता येईल. परंतु चरक-सुश्रुत आम्ही परीक्षेसाठी पाठ केलेले होते आणि त्यांत काय लिहिले आहे हे मला ठाऊक होते. त्या स्त्रियांची नावे आता आठवत नाहीत. ही रुग्णा माझ्यासमोर भिंतीकडे सरकली, तेव्हा त्यांची आठवण झाली.

संहिता काय सांगतात

चरकाचार्यांनी सूतिकागाराचे वर्णन करताना प्रसवसमयी स्त्रीच्या भोवती कोण असावे, हे तपशिलाने सांगितले आहे : ज्या स्वतः अनेकदा प्रसूत झाल्या आहेत, ज्यांचा तिच्यावर जिव्हाळा आहे, ज्या कर्मात कुशल आहेत, ज्या स्वतः खचत नाहीत आणि ज्यांना कष्ट सहन होतात अशा स्त्रिया. सुश्रुताचार्य चार प्रौढ, प्रसवकर्मात निपुण, नखे कापलेल्या स्त्रिया सांगतात आणि त्यांत आणखी एक विशेषण घालतात : ज्यांच्याविषयी प्रसवणारीस शंका वा संकोच वाटू नये अशा. नखांची स्वच्छता आणि मनाची निःशंकता ही दोन्ही एकाच वाक्यात येतात, हे मला विशेष वाटते.

प्रवाहणाविषयी चरकाचार्यांचे मार्गदर्शन स्पष्ट आहे. कळ नसताना जोर करू नये. तसे करणारीचे कष्ट व्यर्थ जातात आणि अपत्यासही विकृती होऊ शकते. शिंक, ढेकर, मल, मूत्र यांचा वेग वेळेपूर्वी कितीही प्रयत्न केला तरी येत नाही, असा दृष्टान्त ते देतात. जोर आधी हळू आणि मग क्रमाने वाढवावा, असेही सांगतात. कंबर, पाठ, मांड्या यांना कोमट तेल लावताना तिला सुख वाटेल अशा बेताने चोळावे, अशी सूचना आहे. बाळ बाहेर येत असता सभोवतालच्या स्त्रियांनी आनंदाचे शब्द बोलावेत, कारण हर्षाने तिचे प्राण पुष्ट होतात, असा त्यामागील हेतूही दिला आहे. (तेथे आशीर्वाद पुत्राचा आहे, आपण अपत्याचा म्हणावा.)

अनावश्यक उपायांविषयीची चर्चाही तेथे आहे. कळा मंद असतील तर स्त्रीने मुसळ घेऊन धान्य कांडावे, असे काही आचार्यांचे मत होते. भगवान आत्रेयांनी ते नाकारले. गर्भिणीस दारुण व्यायाम वर्ज्य आहे, प्रसवकाळी तर धातू व दोष क्षुब्ध असतात, अशा वेळी श्रमाने कुपित झालेला वायू प्राणघातक ठरू शकतो, म्हणून तिने चालावे, जांभया द्याव्यात, एवढेच त्यांनी मान्य केले. प्रसव लवकर व्हावा म्हणून बाहेरून घाई करण्याचा मोह त्या काळीही होता आणि त्यास विरोधही होता, असा याचा अर्थ आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधरावा अध्याय मूढगर्भाच्या चिकित्सेचा. मूढगर्भाचे शल्य काढण्याहून कठीण कर्म नाही, कारण तेथे सर्व काही डोळ्यांनी न पाहता केवळ स्पर्शाने करावे लागते, असे प्रारंभीच सांगून आचार्य म्हणतात की अधिपतीस विचारून आणि पराकाष्ठेचा प्रयत्न करून हे कर्म करावे. पुढे मृत गर्भ शस्त्राने काढण्याचा विधी येतो. तेथे मंडलाग्र किंवा अंगुलिशस्त्र हाती घेण्यापूर्वीची पायरी कोणती? स्त्रीला आश्वासन देणे. मातेच्याच जिवावर बेतलेल्या, अत्यंत घाईच्या त्या प्रसंगीही आश्वासन गाळलेले नाही. ते शिष्टाचार म्हणून नव्हे, तर शस्त्रकर्माच्या विधीतील एक पायरी म्हणून आलेले आहे.

अधिपती म्हणजे त्या काळचा राजा किंवा घरधनी. आज त्या शब्दाचा अर्थ आपण काय घ्यावा? ज्या देहावर शस्त्र चालावयाचे त्या देहाची अधिपती ती स्त्री स्वतः होय, याहून वेगळा अर्थ आज घेता येणार नाही.

प्रामाणिकपणे हेही नमूद केले पाहिजे की संहितांतील सर्वच उपाय आज करण्याजोगे नाहीत. अपरा पडत नसेल तर नाभीच्या वर जोराने दाबण्याचा किंवा घशाशी केसांची वेणी लावण्याचा उपाय तेथे आहे. आज तसे कोणी करू नये. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हा आजही मातेचा जीव घेणारा उपद्रव आहे आणि त्यावर रुग्णालयात तत्काळ उपचार हवेत. ग्रंथांतून घ्यावयाचे ते प्रसवणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची रीत.

आजची मार्गदर्शक तत्त्वे आणि कायदा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली प्रसूतिकक्षातील अनादर व गैरवर्तन यांविषयी स्वतंत्र निवेदन काढले. २०१८ साली तिने प्रसूतीकालीन सेवेसाठी ५६ शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांतील काही आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत : स्त्रीशी सन्मानाने वागावे व तिला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, तिच्या पसंतीची सोबतीण तिच्याजवळ असू द्यावी, सर्व काही सुरळीत असता योनिपरीक्षण साधारण चार तासांच्या अंतराने करावे, जोर करताना तिच्या स्वतःच्या वेगास अनुसरू द्यावे, छेद सरसकट घेऊ नये, आणि बाळ बाहेर यावे म्हणून पोटावर दाब देऊ नये. हा शेवटचा प्रकार १८६७ साली क्रिस्टेलर या जर्मन प्रसूतितज्ज्ञाने वर्णिला आणि जगभर रूढ झाला. त्याचा लाभ सिद्ध झालेला नाही.

आपल्या देशात केंद्र शासनाने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू देण्याचे निर्देश दिले आणि डिसेंबर २०१७ मध्ये प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठी 'लक्ष्य' हा उपक्रम सुरू केला. सन्मानपूर्वक सेवा हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. संमतीविषयी २००८ सालचा समीरा कोहली खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय प्रत्येक वैद्याने जाणून घ्यावा असा आहे. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णेची संमती तिच्याकडूनच, पुरेशी माहिती देऊन घेतली पाहिजे. एका कर्मासाठी दिलेली संमती दुसऱ्या कर्मास लागू होत नाही. तातडीने जीव वाचविण्याचा प्रसंग हा अपवाद. म्हणजे प्रवेशाच्या वेळी पतीची सही घेतली की सर्व साधले, हा समज चुकीचा आहे. तातडीच्या प्रसंगी कागद भरण्यास वेळ नसतो, हे मान्य. पण 'बाळाचे ठोके कमी होत आहेत, लगेच बाहेर काढायला हवे, थोडा छेद घेते' हे वाक्य बोलण्यास दहा सेकंदही लागत नाहीत, आणि हात चालू असतानाही ते बोलता येते.

दोन टोके टाळावीत

अशी हकीकत ऐकली की आपल्यातील काहींना रुग्णालयातील प्रसूतीच दोषी वाटू लागते. हा निष्कर्ष धोकादायक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशात ३८.७ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत असत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्के झाले. दर लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू देशात २००४-०६ मधील २५४ वरून २०१८-२० मध्ये ९७ वर आले. महाराष्ट्रात ते १३० वरून ३३ झाले. यामागे अनेक कारणे आहेत, परंतु रुग्णालय, रक्तपेढी आणि शस्त्रक्रियेची सोय यांचा वाटा त्यांत मोठा आहे. घरी प्रसूती करा असा सल्ला देऊन आपण कोणाचेही कल्याण करणार नाही.

दुसरे टोक असे की जीव वाचला म्हणजे तक्रारीस जागाच उरत नाही. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत देशातील सिझेरियनचे प्रमाण २१.५ टक्के, सरकारी रुग्णालयांत १४.३, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. रुग्णांची निवड वेगळी असते हे गृहीत धरूनही ही तफावत विचार करावयास लावणारी आहे. प्रत्येक उपाय आवश्यकच होता असे समजणे जितके भोळेपणाचे, तितकेच प्रत्येक उपाय पैशासाठी होता असे समजणे अन्यायाचे. आपण रुग्णेसमोर यांपैकी काहीही म्हणू नये. तिच्या दुःखाचा उपयोग आपल्या शास्त्राच्या जाहिरातीसाठी करणे हा तिच्यावरील दुसरा आघात होय.

चिकित्सालयात काय करावे

१. केसपेपरवर 'प्रसूतीचा प्रकार' याखाली आणखी एक ओळ असावी : प्रसूतीचा अनुभव कसा होता? हा प्रश्न एकांतात विचारावा. उत्तर द्यावयाचे की नाही, हे तिच्यावर सोडावे. खोदून खोदून सर्व वदवून घेण्याने लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही. उलट त्रास वाढू शकतो.

२. 'विसरून जा', 'सगळ्यांनाच होतं', 'बाळाकडे बघ' ही वाक्ये टाळावीत. 'हे घडायला नको होतं' किंवा 'तुला भीती वाटणं साहजिक आहे', एवढे पुरते.

३. स्पर्शापूर्वी प्रत्येक वेळी सांगावे आणि विचारावे. अभ्यंग, उदरवेष्टन, योनिपिचु ही सूतिकापरिचर्येतील उत्तम कर्मे आहेत, पण तिची तयारी नसताना केली तर प्रसूतिकक्षात घडले तेच पुन्हा घडते. माझ्या या रुग्णेस पहिले पंधरा दिवस केवळ पादाभ्यंग आणि शिरोभ्यंग, तेही तिच्या आईच्या हातून, एवढेच केले. उदरवेष्टन तिने स्वतः मागितले तेव्हा केले.

४. व्रण अवश्य पाहावा किंवा प्रसूतितज्ज्ञांना दाखवावा. ज्वर, दुर्गंधी स्राव, अतिरक्तस्राव, एका पायावर सूज, तीव्र शिरःशूल व अंधुक दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. प्रत्येक तक्रार मनाचीच मानणे हीही चूक आहे.

५. नैराश्याच्या तपासणीसाठी १९८७ सालापासून वापरात असलेली दहा प्रश्नांची एडिंबरो मापनी उपयोगी पडते. तिच्यातील शेवटचा प्रश्न स्वतःस इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आले, तर बाकीचे गुण कितीही असोत, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी संपर्क साधावा. असंबद्ध बोलणे, झोपेची गरजच न वाटणे, बाळाविषयी विचित्र कल्पना ही लक्षणे प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत वा आठवड्यांत दिसली, तर ती तातडीची अवस्था समजावी. शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ सालापासून उपलब्ध आहे.

६. तिची इच्छा असल्यास प्रसूतितज्ज्ञांकडून घडलेल्या घटनेचा खुलासा मिळवून द्यावा. त्यासाठी आपले आणि त्यांचे संबंध सलोख्याचे हवेत. आरोपाच्या स्वरात केलेल्या दूरध्वनीस उत्तर मिळत नाही.

औषधालय-चालकांसाठी

सूतिका स्वतः औषधालयात क्वचितच येते. येतो तो पती किंवा भाऊ, आणि मागतो शतावरी कल्प, दशमूलारिष्ट किंवा बाळंतकाढा. या औषधांविषयी तक्रार नाही. पण बाटली देताना एक प्रश्न विचारता येतो : बाळंतीण स्वतः कशी आहे, झोप लागते का? 'झोपत नाही, रडते, बाळाला घेत नाही' असे उत्तर आले, तर बाटलीबरोबर वैद्याकडे नेण्याचा सल्लाही द्यावा. दूध वाढविणाऱ्या औषधाची तिसरी-चौथी बाटली नेली जात असेल आणि बाळाचे वजन ठीक असेल, तर दुधाचा प्रश्न नसून दुसराच काही असण्याची शक्यता ध्यानी घ्यावी.

झोपेसाठी काहीतरी द्या, अशी मागणी होते. सर्पगंधायुक्त कल्प सूतिकेस कदापि देऊ नयेत. त्यातील रिसर्पिन दुधातून बाळापर्यंत पोहोचते आणि नैराश्य वाढविण्याचा त्याचा दोष सुविदित आहे.

उपसंहार

ही रुग्णा जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे चार महिने जात होती. आपली सूतिकाचिकित्साही सोबत चालू होती. सुधारणेचे श्रेय कोणास किती, हे मी सांगू शकत नाही. बाळाच्या लसी दुसऱ्या केंद्रात, दहा दिवस उशिराने का होईना, झाल्या. सहाव्या महिन्यात ती सलग पाच तास झोपू लागली. दुसऱ्या अपत्याविषयी सासरी विषय निघाला की ती अजूनही उठून आत जाते.

आमच्या पिढीतील अनेक वैद्य प्रसूतिगृहांत काम करून पुढे आले आणि आज जे तेथे रात्रपाळी करीत आहेत, ते आपलेच विद्यार्थी आहेत. सूचना तज्ज्ञांची असली तरी रुग्णेजवळ उभे असतात ते हे तरुण वैद्य. आपल्या संघटनेच्या शाखांनी त्यांच्यासाठी या विषयावर वर्षातून एखादे चर्चासत्र घ्यावे, सुश्रुतांचा तो पंधरावा अध्याय त्यांच्याबरोबर पुन्हा वाचावा आणि शस्त्राआधी आश्वासन का लिहिले आहे, यावर बोलावे, अशी माझी सूचना आहे. विद्यार्थिदशेत मी तो अध्याय वाचला तेव्हा त्या शब्दावर थांबले नव्हते. थांबले असते, तर काही स्त्रियांचा त्रास तेव्हाच वाचला असता.